तळपायाला कळणारा क्लच

सांगायचं नव्हतं. पण तुम्ही चहा पाजलात आणि वर विचारलंत, "तात्या, उन्हाळ्यात अनवाणी का हिंडत होता?" आता चहा पोटात गेलाय, म्हणजे सांगणं आलं. मध्ये कुणी हसायचं नाही. शेवटी हसा. शेवट हसण्यासारखाच आहे, आणि तो माझ्यावरच आहे.

आधी मी कोण ते ऐका. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढं शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, हे आता दोघांनाही आठवत नाही. पण गाडीच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये. उसाचे ट्रक चालवले. नंतर कामगारांची बस चालवली, सणसर ते वालचंदनगर. त्या जुन्या ट्रकांचे गिअर म्हणजे रेडे. क्लच दाबून गिअर काढायचा, क्लच सोडायचा, ॲक्सिलेटर थोडा द्यायचा, पुन्हा क्लच दाबून पुढचा गिअर घालायचा. चुकलात की असा आवाज निघायचा की रानातल्या बायका खुरपं टाकून बघायच्या.

माझ्या गाडीकडं कुणी असं बघितलं नाही. बसमध्ये बायका मांडीवर ताकाची उघडी किटली घेऊन बसायच्या. ताक सांडलंच तर ते त्यांच्या हातवाऱ्यांनी. माझ्या गिअरनं नाही.

आता सणसरमध्ये घराघरापुढं गाडी आहे. गाडी आहे, चालवणारा नाही. संध्याकाळी मी चौकातल्या कट्ट्यावर बसतो. डोळे मिटून सांगतो कोण आलं ते. दगड भरडल्यासारखा आवाज आला की समजायचं, सोसायटीचा चेअरमन. त्याची संस्थाही तशीच चालते. धाडकन आवाज आला की दुधवाल्याचा पोरगा. काही पोरं तर एक हात कायम गिअरच्या दांड्यावर ठेवतात. शेळीचं दावं आहे का ते? सोडलं तर पळून जाणार आहे? आणि शिकवणारे कसे, तर मैदानात आठचा आकडा काढायला लावतात. मी एकाला विचारलं, बारामतीपासून इंदापूरपर्यंत आठ कुठं आहे ते दाखव. त्यानं नाही दाखवला.

आपल्याकडं म्हणतातच, "गिअर मार." मारायला तो काय चोर आहे? गिअर बसवायचा असतो. तान्ह्या पोराला झोळीत ठेवतात तसा. ॲक्सिलेटरवरचा पाय उचला. क्लच पुरता दाबा, अर्धा नाही. दांडा मध्ये आणा आणि तिथं श्वासभर थांबा. मग दोन बोटांनी पुढं न्या. ढकलू नका, तो आपला आपण आत जातो. मग क्लच हळू सोडत या. अर्ध्यात आला की गाडीत एक लहर येते. बसलेलं जनावर उठायच्या आधी त्याच्या अंगातून जाते ना, तशी. ती कळली की पाय तिथंच क्षणभर धरायचा, मग सोडायचा. मागं बसलेल्याला गिअर पडल्याचं कळता कामा नये.

आता ही लहर कळते कुठं? तळपायाला. चपलेला नाही. म्हणून मी जन्मभर गाडी अनवाणी चालवली. दार उघडायचं, चपला जमिनीवर काढायच्या, उचलून सीटच्या मागं ठेवायच्या, मग पाय आत. देवळात जाताना काय करता? तेच. लोक हसतात. हसू देत. तेच लोक सहा-सहा महिन्याला क्लचप्लेट बदलायला बारामती गाठतात.

इथंपर्यंत सगळं माझ्या बाजूनं आहे. आता उतार.

माझी नात सोनल. बारामतीला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. ती जन्मली तेव्हा दवाखान्यातून मीच गाडीतून घरी आणली. झोपलेली होती. घर आलं, गाडी थांबली, तरी जागी झाली नाही. त्याच दिवशी मी मनात ठरवलं, ही सासरी जाईल तेव्हाही गाडी मीच चालवणार.

पण माझा मुलगा दत्ता, म्हणजे सोनलचा बाप, त्याला अलीकडं माझ्या हातातली किल्ली खुपायला लागली होती. मी एकदा बाजारात दुधाची किटली विसरलो. एकदा गाडी अंगणात उभी केली आणि इंडिकेटर तसाच चालू राहिला. एवढ्यावर त्यानं घरात कोर्ट भरवलं.

"तात्या, तुमी इसरायला लागलाय. आणखी एकदा काय इसरलं की किल्ली माझ्याकडं. सोनलच्या लग्नात गाडी दुसरा कोणतरी चालवंल."

"आन न्हाय इसरलो तर?"

"तर तुमी."

शब्द झाला. माझ्या घरात मलाच परीक्षा. पण मी म्हटलं, ठीक आहे. गाडी तर माझ्याच हातात आहे.

फाल्गुनात सोनलला इंदापूरचं स्थळ आलं. मुलगा निखिल, वालचंदनगरला इंजिनिअर. पोरांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं, मोठ्यांनी फक्त जाऊन हो म्हणायचं होतं. आजकाल मोठ्यांचं काम तेवढंच उरलंय. आम्ही निघालो. दत्ता, सूनबाई, सोनल आणि मी. आमच्या मंडळींचा गुडघा धरला होता, म्हणून ती घरी राहिली.

मी गाडीचं दार उघडलं. चपला काढल्या. तेवढ्यात दत्ता आला.

"तात्या, आज मी चालवतो. पाव्हण्यांचं घर हाय."

"का? पाव्हण्यांच्या घराला येगळा गिअर लागतो?"

"तसं न्हवं. तुमचं वय..."

मी पुढचं ऐकलं नाही. आत बसलो, दार ओढलं, गाडी चालू केली. त्याला पळत येऊन बसावं लागलं. वाटेत एक शब्द बोललो नाही. गिअरच असे टाकले की सूनबाई निमगावला पोचेपर्यंत झोपली. हे माझं उत्तर होतं.

रागाच्या भरात एक गोष्ट राहिली. तुम्हाला कळली असेल. मला इंदापुरात कळली.

पाहुण्यांच्या दारात गाडी उभी केली. मुलाचे वडील माधवराव सामोरे आले. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, बोलणं मोजून. ओसरीत खुर्चीवर त्यांची आई बसली होती. सगळे तिला जिजी म्हणतात. माझ्यापेक्षा वयानं मोठी, अंगानं चिपाड, नजर मात्र घारीची.

मी उतरलो. पाय फरशीवर पडला आणि फरशी तापलेली. मी सीटच्या मागं हात घातला. काही नाही. वाकून सीटखाली बघितलं. काही नाही. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आमचं अंगण आलं, आणि अंगणात माझ्या दोन चपला, शेजारी शेजारी, गाडी गेली त्या दिशेला तोंड करून.

दत्तानं माझ्या पायांकडं बघितलं. मग तोंडाकडं.

"तात्या, चपला कुठायत?"

तुम्हीच सांगा, मी काय बोलणार होतो? "इसरलो" म्हटलं की किल्ली गेली. सोनलची गाडी गेली. डोक्यात इंजिन गरगरत होतं, पण गिअर पडेना.

तेवढ्यात ओसरीतून जिजी बोलली.

"आरं, बापाला असं इचारत्यात व्हय? नातीचं जमावं म्हणून देवाला बोललं असतील. व्हय ना, तात्या?"

मी मान हलवली. मान हलवायला शिक्षण लागत नाही.

"कुठल्या देवाला?" माधवराव.

"म्हसोबाला. बांधावरच्या."

आमच्या बांधावर म्हसोबा आहे, एवढं खरं. पण आम्ही दोघं शेवटचं कधी बोललो, ते त्यालाही आठवत नसेल.

आत गेलो. चहा आला. निखिलला मी एकच प्रश्न विचारला, गाडी चालवता का. तो म्हणाला, "चालवतो, पण मला बिनगिअरची बरी वाटते. ऑटोमॅटिक." मी कप खाली ठेवला. पण सोनल त्याच्याकडं बघून हसत होती, म्हणून पुन्हा उचलला. लग्न जमलं. साखर वाटली. मला वाटलं, सुटलो.

निघताना सगळे दारात आले. चपलांचा ढीग पडला होता. जो तो आपापल्या घालत होता. माधवराव हात जोडून म्हणाले, "तात्या, आता जमलं. म्हसोबानं ऐकलं. आता घाला चपला."

सगळ्यांनी ढिगाकडं बघितलं. मीपण बघितलं. त्यात माझं काय होतं? काही नव्हतं. दत्ता तर एकेक चप्पल नजरेनं मोजायला लागला होता.

मग माझ्या तोंडून निघालं, "न्हाय. अक्षता पडल्याशिवाय न्हाय. तसंच बोललोय."

सूनबाईनं तिथल्या तिथं डोळ्याला पदर लावला. जिजी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली. मला वाटलं, म्हातारी भारावली.

आणि लग्नाची तारीख निघाली वैशाखात. इंदापूर तालुक्यातला वैशाख तुम्हाला सांगायला नको. डांबरावर भाकरी टाकली तर फुगते.

घरी आलो. अंगणात चपला नव्हत्या. आमची मंडळी उंबऱ्यात पाय लांब करून बसली होती. दत्तानं उतरताच सांगितलं, "आई, तात्यांनी नवस बोललाय. सोनलचं लगीन होईस्तोवर अनवाणी."

"व्हय का," ती म्हणाली. "मला न्हाय बोलला."

"नवस सांगायचा नसतो," मी म्हणालो.

"बरं." एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. इतक्या वर्षांच्या संसारात ती इतक्या लवकर कधी गप्प बसली नव्हती.

दत्ता बाहेर गेल्यावर मी हळूच विचारलं, "चपला कुठायत?"

"कशाला? नवस हाय न्हवं?"

"उगं तोंड वर करू नको. दत्ताला बोलली न्हाईस ना?"

"मी कशाला बोलू? तुमचं तुमी आन म्हसोबा." आणि पुढं म्हणाली, "जरा चौकातनं कोथिंबीर आणा. ऊन जरा हाय, पण तुमाला काय."

झालं. तिच्या गप्प बसण्याचं भाडं मी पुढं रोज भरलं. ज्या माणसानं जन्मात भाजी आणली नव्हती, तो भर दुपारी कोथिंबीर, दळण, रॉकेलची बाटली, शेजारणीकडून विरजण, सगळं आणायला लागला. नाही म्हणायची सोय नव्हती. नुसतं "दत्ता" असं हाक मारल्यासारखं करायची, की मी पिशवी उचलायचो.

मी सावलीतून सावलीत चालायला शिकलो. घरापासून चौकापर्यंत एक लिंब आहे, एक शाळेची भिंत आहे आणि मध्ये विजेचा खांब. खांबाची सावली केवढी? हातभर रुंद. त्यात मी दोन पाय जुळवून उभा, ध्यान लावल्यासारखा. लोकांना वाटायचं, नामस्मरण चाललंय. दोघं-तिघं तर जाता जाता नमस्कार करून गेले.

बरं, मी गाडीनं का गेलो नाही? तेही ऐका. पहिल्याच आठवड्यात मी किल्ली घेतली, तर दत्ताच म्हणाला, "तात्या, नवस अनवाणी चालायचा आन बसायचं एसी गाडीत? लोक नावं ठेवतील." कट्ट्यावरच्यांनीही माना डोलावल्या. मला पटलं. चूक माझी, की मला पटलं. किल्ली खुंटीला गेली. माझीच किल्ली, माझीच खुंटी, आणि मी पायी.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर मी सांगितलीच नसती. पण म्हसोबा उठला.

आमच्या भागात आता मुलींना नोकरीवाला नवरा लागतो. शेती बघणारी पोरं तिशी ओलांडून घराघरात बसलीत. बागायत आहे, बंगला आहे, दारात गाडी आहे, नवरी नाही. त्यांच्या बापांच्या कानावर गेलं की सणसरच्या तात्यांनी म्हसोबाला बोलून नातीला इंजिनिअर मिळवला. पहिला आला तो वरकुट्याहून. त्यानं बांधावर नारळ फोडला आणि तिथंच चपला सोडल्या. नंतर रोज कुणी ना कुणी. आमच्या बांधावर एवढ्या चपला जमल्या की मला वाटायचं, रात्रीतून एक जोड घालून पळून जावं. एक जण तर मला विचारायला आला.

"तात्या, नुसता अनवाणी चाललो तर चालंल, का उन्हातच चालायचं?"

"तुझ्या पोराला नोकरी हाय का?"

"न्हाय."

"मग उन्हातच चाल."

मी एकटा का भाजून घेऊ?

माधवरावही एकदा पाहुणे घेऊन दर्शनाला आले. मी घाईनं म्हसोबाला शेंदूर लावला. इतकी वर्षं त्याच्यावर वैरणीचा भारा टेकवत होतो. माधवरावांनी माझे पाय बघितले, घसा खाकरला आणि तोंड रुमालात लपवलं. मला वाटलं, गहिवरले.

लग्नापर्यंत माझ्या पायाला आधी फोड आले, मग ते फुटले, मग वर नवी कातडी आली. चांगली जाड, पिवळी, बैलाच्या खुरासारखी. शेवटी शेवटी तर कुसळ रुतलेलं मला दुसऱ्या दिवशी कळायचं. मला त्याचा अभिमान वाटायला लागला होता. बघा, माणूस कशाचा अभिमान धरेल सांगता येत नाही.

लग्न बारामतीच्या कार्यालयात झालं. अक्षता पडल्या. मी मनात म्हटलं, जिंकलो. किल्ली शाबूत, शब्द शाबूत. तेवढ्यात माईकवर माझं नाव पुकारलं. माधवराव एक खोकं घेऊन उभे. आत काळे बूट, तळवा दोन बोटं जाड. "ज्यांनी नातीसाठी एवढे कष्ट सोसले," वगैरे ते बोलले आणि खाली बसून स्वतःच्या हातानं मला बूट घातले. टाळ्या पडल्या. फोटो निघाले. मी ताठ उभा होतो. नाड्या मात्र आवळून बांधल्या होत्या.

मग निरोपाची वेळ. माझीच गाडी, झेंडूनं सजवलेली. मागं सोनल आणि निखिल. पुढं माझ्या शेजारी जिजी, कारण तिला वऱ्हाडाच्या बसचे धक्के सोसत नाहीत. हे लक्षात ठेवा, धक्के सोसत नाहीत म्हणून ती माझ्या गाडीत बसली होती.

दत्तानं सगळ्यांसमोर किल्ली माझ्या हातात दिली. "सावकाश, तात्या." मला बूट काढायचे होते. पण माधवराव दार धरून उभे. त्यांनी हातानं घातलेले बूट त्यांच्याच डोळ्यांदेखत कसे काढणार? बसलो.

क्लच दाबला. दाबला असं मला वाटलं. बुटाखाली क्लच होता की ब्रेक की गाडीचं पायपुसणं, ते कळेना. सोडला. लहर आलीच नाही. आला तो झटका.

सोनल रडत होती. पहिल्या झटक्याला रडणं थांबलं. दुसऱ्याला उचकी लागली. तिसऱ्याला बॉनेटवरची माळ घसरून काचेवर आली. सेकंड टाकताना असा आवाज निघाला की बँडवाल्यांनी वाजवणं थांबवून बघितलं. असा आवाज मी जन्मभर दुसऱ्यांच्या गाडीतून ऐकला होता.

"तात्या," मागून निखिल अदबीनं म्हणाला, "क्लच थोडा राहतोय का?"

ज्याला बिनगिअरची गाडी बरी वाटते, तो मला क्लच सांगत होता. आणि बरोबर सांगत होता.

सणसरच्या अलीकडं कालव्याच्या पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. मागं वऱ्हाडाची बस, तिच्यामागं पाहुण्यांच्या गाड्या, सगळ्यांचे हॉर्न. कट्ट्यावरची माझी माणसं तर बसच्या खिडक्यांतून माना बाहेर काढून बघत होती. मी हातब्रेक ओढला. नाड्या तोडल्या म्हणा. बूट काढले आणि दार उघडून सवयीनं बाहेर ठेवायला वाकलो.

जिजीनं हात पुढं केला.

"द्या हिकडं ते बूट. न्हायतर ऱ्हातील पुन्यांदा रस्त्यावर."

मी तिच्याकडं बघितलं. "पुन्यांदा म्हंजे?"

"आधी गाडी हलवा. मागं बोंब चाललीय."

मी उघडा पाय क्लचवर ठेवला. म्हटलं, आता दाखवतो. डोळे अर्धे मिटले, क्लच हळू सोडत आलो, लहरीची वाट बघितली. काही नाही. अजून सोडला. काहीच नाही. मग एकदम हिसका, आणि गाडी बेडकासारखी पुढं गेली. मी पाय वर करून बघितला. बूट काढले होते खरे. पण उन्हाळाभर चालून माझ्या तळपायाचीच चप्पल झाली होती. आणि ती काढता येत नव्हती.

पुलापलीकडं जिजी बोलायला लागली. बूट मांडीवर, आवाज शांत.

"तुमी त्या दिशी उतरला, सीटमागं हात घातला, वाकून खाली बघितलं. नवसाचा माणूस चपला कशाला हुडकंल? पोरगा डोळं वटारून बघत व्हता. म्हटलं, दारात आलेला पाव्हणा हाय, झाकावं. नातीचं जमावं म्हणून असंल, म्हटलं. जमलं. चहाबरोबर नवस फिटला. माधव म्हणला, घाला चपला. मला वाटलं, आता हा माणूस हसंल आन सांगंल. तर तुमी नेलं अक्षतांवर."

"मग तवाच का न्हाय बोललात?"

"बोलणार व्हते. मग म्हटलं, बघू तरी किती चालतोय."

मी थर्ड टाकला. खरखरला.

"माधवरावांना म्हाईत हाय?"

"मी त्याच दिशी सांगितलं. बूट त्यानंच हुडकलं. म्हणला, तात्यांना आता पातळ तळव्याचं काय लागायचं न्हाय."

मी आरशात बघितलं. सोनल मेंदीच्या हातांनी तोंड दाबून बसली होती. खांदे हलत होते, आणि ते रडण्यानं नव्हते.

"सोनल, तुझ्या बापाला तरी?"

"आजीनं त्याच संध्याकाळी सांगितलं, तात्या. चपलापण दाखवल्या. पिठाच्या डब्यामागं ठेवल्या होत्या."

म्हणजे ती कोथिंबीर, ते दळण, ते विरजण, सगळं फुकट.

"मग दत्तानं किल्ली का घेतली न्हाय?"

"घ्यायची कशाला? खुंटीलाच तर होती. पप्पा म्हणाले, मी मागितली असती तर तात्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आता आपणहून पायी हिंडतायत. फक्त आजच्या दिवस त्यांना चालवू द्या, म्हणाले."

मग मी शेवटचं विचारलं.

"गावात आणखी कुणाकुणाला म्हाईत हाय?"

निखिलला ठसका लागला. सोनल म्हणाली, "कुणाला नाही ते विचारा ना, तात्या. ते पटकन सांगता येईल."

इंदापूर अजून लांब होतं. सबंध वैशाख तळपाय भाजून मी ज्यांना फसवत होतो, ते सगळे मागच्या गाड्यांतून निवांत येत होते. फसलेला माणूस एकच होता. आणि गाडी तोच चालवत होता, झटके देत.